काळवंडलेल्या दाण्याची वाटणी

१

दुष्काळाचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ यांवर सरकारी अहवाल आहेत, प्रबंध आहेत, कथा-कादंबऱ्याही आहेत. पाऊस किती इंच कमी पडला, धान्याचे भाव किती चढले, खडी फोडायला किती माणसे आली, हे सारे आकड्यांत मांडलेले सापडते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता तयार झाल्या. पिकाचा अंदाज आधी आण्यांत आणि पुढे पैशांत मोजण्याची पद्धत रूढ झाली. पण या साऱ्या लेखनाने आणि कायद्याने एक गोष्ट गृहीत धरली. दुष्काळ म्हणजे धान्य नसणे.

धान्य आहे, घरात आहे, आणि तेच खाऊन माणसे आजारी पडत आहेत, मरत आहेत, असा काळ या इतिहासाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. पैसेवारी पीक किती आले ते सांगते. आलेले पीक माणसाने खाण्याजोगे आहे काय, हे ती विचारीत नाही. तिने न विचारलेला हा प्रश्न इथे विचारायचा आहे. विषय वरवर पाहता शेतकीच्या प्राध्यापकाचा वाटेल, कारण तो बुरशीचा आहे, पावसाचा आहे, ज्वारी-बाजरी-मक्याचा आहे. मी इतिहास शिकवतो. तरीही हा विषय मला इतिहासाचा वाटतो. कोणत्या दाण्यावर बुरशी वाढावी हे हवामान ठरवते, पण तो दाणा कुणाच्या ताटात पडावा हे हवामान ठरवत नाही. ते ठरवणारी व्यवस्था माणसांनी उभारलेली आहे, आणि माणसांनी उभारलेल्या गोष्टींचा इतिहास असतो.

२

आधी बुरशीचे काम समजून घेऊ. बुरशीचे बीजाणू मातीत, हवेत, खळ्यात, गोणीच्या शिवणीत नेहमीच असतात. त्यांना संधी हवी असते आणि ती संधी पाऊस, ऊन आणि दमटपणा यांच्या मेळाने मिळते. आपल्या तृणधान्यांपुरते पाहिले तर तीन तऱ्हा मुख्य आहेत.

पहिली तऱ्हा बाजरीच्या अरगटाची. बाजरी फुलोऱ्यात असताना आठ-दहा दिवस आभाळ झाकलेले राहिले, रिमझिम लागून राहिली आणि हवेत गारवा आला, की परागकण धुऊन जातात आणि बुरशी फुलात शिरते. आधी कणसातून मधासारखा चिकट द्रव गळतो. नंतर दाण्याच्या जागी काळपट, कठीण गाठी तयार होतात. त्या दळणात गेल्या की खाणाऱ्याला मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. युरोपात मध्ययुगात राय नावाच्या धान्यावरच्या अरगटाने हातपाय झडत असत. आपल्या बाजरीवरच्या अरगटाची बुरशी वेगळी आणि तिचे विषही वेगळे, म्हणून इथे तसे होत नाही. पण मजुराला दोन दिवस अंथरुणावर पाडायला ते पुरेसे असते.

दुसरी तऱ्हा भिजलेल्या ज्वारी-मक्याची. दाणा भरताना किंवा पिकून उभा असताना पाऊस लागला, तर कणसावर गुलाबी, राखी, काळ्या अशा अनेक बुरशा एकदम चढतात. त्यांत फ्युझेरियम जातीच्या बुरशा असतात. त्यांतल्या काही फ्युमोनिसिन नावाचे विष तयार करतात. ज्वारीची काणी ही याहून वेगळी, तिची गल्लत इथे करू नये.

तिसरी तऱ्हा सर्वांत घातक. अस्परजिलस फ्लेवस या बुरशीला आधी ताण लागतो. दाणा भरण्याच्या दिवसांत पाणी नाही, ऊन रणरणते आहे, दाण्याला चिरा गेल्या आहेत, किडीने भोके पाडली आहेत, अशा पिकात ती घर करते. नंतर काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला आणि ओले धान्य तसेच कोंडून ठेवले, की ती वेगाने वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. हे विष यकृतावर घाला घालते. मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर माणूस काही आठवड्यांत दगावतो. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर यकृताच्या कर्करोगाला कारण होते. कावीळ-ब चा संसर्ग असलेल्या माणसाला हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, आणि भाकरी तव्यावर कितीही भाजली तरी ते पुरते नष्ट होत नाही.

या तिन्ही तऱ्हांवर उपाय काय, हे गूढ नाही. धान्यातला ओलावा तेरा-चौदा टक्क्यांखाली आणून ते कोरड्या जागी ठेवावे आणि काळे, सुरकुतलेले, फुटके दाणे निवडून टाकावेत. विष बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून निवडण्याचा उपयोग फार होतो. पण कोरडी जागा, वाळवायला अंगण, निवडायला वेळ आणि निवडलेले फेकून देण्याइतके शिल्लक धान्य, या चार गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्याच्यासाठीच हा उपाय आहे. गावात त्या कुणापाशी होत्या, हे पाहिले की बुरशीच्या प्रश्नातून आपण जातीच्या प्रश्नाकडे येतो.

३

गावगाड्यात बलुतेदाराला आणि वतनदार महाराला कामाचा मोबदला धान्यात मिळे. त्या धान्याची जागा ठरलेली होती. खळ्यावर रास होई, रास मापली जाई, मालकाचे कणगीत जाई, सावकाराचे सावकाराकडे जाई. तळाशी उरलेले मातीमिश्रित मातेरे महार-मांगांच्या वाट्याला येई. खळ्यावर पाऊस पडला तर रास वरून झाकता येते, पण ओल खालून चढते. सर्वांत आधी भिजतो तो तळचा थर, आणि तळचा थर कुणाचा हे आधीच ठरलेले होते. पेवाचेही तसेच. जमिनीत खणलेले पेव उघडले की मधले धान्य चांगले निघते, कडेचे आणि तळाचे काळवंडलेले, आंबूस वासाचे निघते. ते मालकाच्या जात्यात जात नसे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझी आजी धान्याला दोन नावांनी ओळखत असे, ‘इकतनं’ आणि ‘मजुरीनं’. विकत आणलेल्या धान्याला ती सूप लावत असे. मजुरीत मिळालेल्या धान्याला लावत नसे, कारण त्यातले निवडू गेले तर निम्मे सुपाबाहेर जाई. तिला काळा दाणा ओळखता येत नव्हता असे नाही. सुपातून फेकलेली प्रत्येक मूठ संध्याकाळच्या भाकरीतून कमी होणार, हा तिचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

खानदेशात दोन ज्वाऱ्या आहेत हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत पावसाळा सरल्यावर पेरलेली दादर नुसत्या ओलीवर वाढते आणि माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत पिकते. तिच्या दाण्यावर पाऊस पडत नाही, म्हणून तो मोत्यासारखा पांढरा राहतो आणि भावही खातो. पण दादरीला काळी, खोल, ओल धरणारी जमीन लागते, आणि अशी जमीन दलितांकडे किंवा भिल्लांकडे क्वचितच होती. हलक्या, मुरमाड जमिनीत खरिपाची बाजरी आणि ज्वारी येई, आणि परतीचा पाऊस नेमका त्यांनाच गाठी. म्हणजे हवामानाचा धोकासुद्धा सर्वांवर सारखा कोसळत नव्हता. तो जमिनीच्या वाटणीनुसार कोसळत होता.

चाळीसगावच्या माणसाला या संदर्भात एक घटना आठवल्यावाचून राहत नाही. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे उतरले. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायचे नाकारले, तेव्हा महारवाड्यातल्या एका अननुभवी माणसाने तो हाकला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. टांग्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. ते खानदेशात कशासाठी आले होते हे मात्र फारसे आठवले जात नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते अस्पृश्यांवर घातलेल्या सामाजिक बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करायला धुळ्याकडे गेले होते. बहिष्काराच्या ज्या तऱ्हा त्या समितीने नोंदवल्या, त्यांत गावच्या वाण्याला अस्पृश्यांना जिनसा विकू न देणे ही एक होती. धान्याचे दार कुणी उघडायचे आणि कुणी बंद करायचे, हा अधिकार म्हणजेच गावातली सत्ता. ज्याच्यासाठी दार बंद होते, तो उघडलेल्या फटीतून जे मिळेल ते घेतो. त्याला दाण्याचा रंग पाहण्याची सवड नसते.

४

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. बलुत्याची जागा हळूहळू मजुरीने घेतली. पण मजुरी बराच काळ पायली-मापट्यांतच राहिली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने मजुरी रोखीत द्यावी असा नियम केला, तरी रूढी असेल तिथे सरकारच्या परवानगीने धान्यात देण्याची वाटही ठेवली. धान्यातली मजुरी ही काही वाईटच गोष्ट होती असे मी म्हणत नाही. भाव चढले की रोखीपेक्षा ती मजुराला परवडे. प्रश्न इतकाच की कोणते धान्य द्यायचे हे देणाऱ्याच्या हाती होते.

त्याच सुमारास, १९५६-५७ मध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीवर अरगटाची साथ आली आणि अशी बाजरी खाऊन माणसे आजारी पडली. वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली त्याची नोंद झाली. पुढे १९७५ मध्ये राजस्थानातही बाजरीच्या अरगटाने विषबाधा झाली. यावरचा उपाय अगदी स्वस्त होता आणि आजही आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून त्यात बियाण्याची बाजरी टाकली, की अरगटाच्या हलक्या गाठी वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या आणि खालची बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायची. शेतकी खात्याने ही माहिती पेरणीसाठी पसरवली. ज्याला पेरायला जमीन नाही आणि बाजरी फक्त खायचीच आहे, त्याच्यापर्यंत ती कुणी नेली?

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले आणि लोकांच्या तोंडी ‘हायब्रीड’ हा शब्द बसला. जुनी उंच ज्वारी दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्यात येई आणि पाऊस संपल्यावर पिके. हायब्रीड शंभर-सव्वाशे दिवसांच्या आत तयार होई. उत्पादन भरघोस, पण पिकण्याची वेळ भर पावसाची. कणसे उभ्या पिकातच काळी पडू लागली. देशाला धान्य हवे होते आणि हायब्रीडने ते दिले, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. दुष्काळाच्या वर्षांत या ज्वारीने अनेकांना जगवले. पण त्याच काळात महाराष्ट्राच्या खेड्यांत एक नवी उतरंड तयार झाली. दादर आणि मालदांडी हे खाणाऱ्यांचे धान्य ठरले. हायब्रीड हे विकण्याचे, जनावराचे आणि मजुराचे धान्य ठरले. ‘हायब्रीडची भाकर’ हा शब्दप्रयोग ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्यातला हेटाळणीचा सूरही ऐकू आला असेल. ती हेटाळणी धान्याची होती तितकीच ते खाणाऱ्याचीही होती.

५

या विषयातली सर्वांत मोठी घटना आपल्या उंबऱ्याजवळची आहे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेला गेले की गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हे त्या काळी एकमेकांना लागून असलेले जिल्हे येतात. तिथली मोठी वस्ती भिल्लांची. आपल्या खानदेशातल्या भिल्लांचेच हे भाऊबंद. त्यांचे मुख्य अन्न मका.

१९७४ हे वर्ष त्या भागाला कोरडे गेले. आधीच्या वर्षांच्या अवर्षणाने लोक आधीच खंगले होते. मका ताणात वाढला आणि काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. आधी ताण आणि मग ओल, अस्परजिलसला हवे असलेले सारे जुळून आले. झोपडीत साठवायला कोरडी जागा नव्हती. बुरशी चढलेला मका लोकांनी खाल्ला, कारण दुसरे काही नव्हते.

पहिल्यांदा गावातली कुत्री मेली. त्यांची पोटे पाण्याने फुगली, डोळे पिवळे झाले. मग तीच लक्षणे माणसांत दिसू लागली. कावीळ, झपाट्याने पोटात पाणी आणि मृत्यू. दीडशेहून अधिक गावांत ही साथ पसरली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले, म्हणजे चारांत एकाहून अधिक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी, भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास करून १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मक्याच्या नमुन्यांत अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम आढळले. आज आपल्या देशात तृणधान्यांना किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. हिशेब केला तर तो मका या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. माणसे रोज दोन ते सहा मिलिग्रॅम विष भाकरीतून खात होती. पुढच्या वर्षी, १९७५ मध्ये, मक्यातले विष अगदी कमी आढळले आणि साथ आली नाही. तीच माणसे, त्याच झोपड्या, तेच बियाणे, फक्त पाऊस वेगळा. हवामानाचा हात किती लांब असतो याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

कुत्री आधी मेली, ही गोष्ट नुसत्या लक्षणांच्या यादीत सोडून देण्याजोगी नाही. कुत्रे घरातल्या भाकरीचाच तुकडा खाते. वाड्यातली कुत्री मेली असती तर मालकाने जनावरांचा डॉक्टर बोलावला असता. पाड्यावरच्या कुत्र्यांचे मरण ही कुणाच्याही दप्तरातली बातमी नव्हती. माणसे मरू लागेपर्यंत धोक्याची सूचना मिळूनही ती कुणी वाचली नाही.

६

या साथीची जी कारणे सांगितली गेली, त्यांत अवकाळी पाऊस, कायमचे अवर्षण आणि साठवणीची वाईट सोय यांच्याबरोबर आणखी एक कारण आहे. बुरशीच्या अन्नातल्या धोक्याविषयी लोकांचे अज्ञान. शास्त्रज्ञांचा हेतू चांगला होता. त्यांनी या साथीचे मूळ शोधले म्हणूनच आज आपण तिच्याविषयी बोलू शकतो. पण ‘अज्ञान’ हा शब्द मला थांबवतो.

बुरशीचा मका वाईट असतो हे भिल्ल बाईला ठाऊक नव्हते काय? वास येणारे, रंग गेलेले, पीठ कडू लागणारे धान्य वाईट हे कोणत्याही स्वयंपाक करणाऱ्या बाईला ठाऊक असते. यकृतात पित्तनलिका कशा वाढतात हे तिला ठाऊक नव्हते, हे खरे. पण ते ठाऊक असते तर तिने काय केले असते? घरात दुसरे धान्य नव्हते, विकत घ्यायला पैसा नव्हता, अवर्षणाने मजुरी नव्हती. आज उपाशी मरायचे की महिन्याने आजारी पडायचे, यांतली निवड तिने केली. तिला आपण अज्ञान म्हणतो, कारण तसे म्हटले की उपाय सोपा होतो. एक भित्तिपत्रक छापायचे आणि एक शिबिर घ्यायचे. निरुपाय म्हटले तर उपाय महाग होतो. मग धान्य द्यावे लागते, मजुरी द्यावी लागते, जमीन द्यावी लागते.

शिक्षण नको असा याचा अर्थ कुणी काढू नये. मी स्वतः शिक्षणावरच जगतो. ज्ञानाला निवडीची संधी जोडलेली नसेल तर ते ज्ञान माणसाच्या हातात पडत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

७

या विषाचा शोध कसा लागला हेही पाहण्याजोगे आहे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांना ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाची पेंड घातली होती. पक्षी मोलाचे होते, धंदा बुडत होता, म्हणून प्रयोगशाळा कामाला लागल्या आणि एक-दोन वर्षांत पेंडीतली बुरशी आणि तिचे विष हाती आले. अस्परजिलस फ्लेवस या नावातूनच अफ्लाटॉक्सिन हे नाव तयार झाले. त्याआधी शेकडो वर्षे माणसे हे विष खात आली असणार. पण ज्यांच्या मरणाने कुणाचे पैसे बुडत नव्हते, त्यांच्या यकृतात डोकवायची कुणाला घाई नव्हती.

हा न्याय अजून बदललेला नाही. युरोपात थेट खाण्याच्या तृणधान्यांना आणि भुईमुगाला किलोमागे ४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणून परदेशी जाणारा आपला भुईमूग प्रयोगशाळेत तपासला जातो. कोंबडीच्या खाद्यातला मका तपासला जातो आणि त्यात विष बांधून ठेवणारी पावडरही मिसळली जाते, कारण कोंबडी मेली तर नुकसान मालकाचे होते. मजुराच्या डब्यातले पीठ कुणी तपासत नाही.

१९७४ ही जुनी गोष्ट झाली असे कुणाला वाटेल, म्हणून पुढच्या दोन घटना सांगतो. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, कर्नाटक-आंध्रच्या काही खेड्यांत, काढलेली ज्वारी आणि मका शेतातच अवकाळी पावसाने भिजला. ते धान्य दळून खाल्लेल्या घरांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब यांची साथ आली. पाहणी केलेल्या ५० गावांपैकी २७ गावांत ती आढळली आणि धान्यात फ्युमोनिसिन सापडले. ते धान्य खाणे थांबताच माणसे बरी झाली. २००४ मध्ये केनियात अवर्षणानंतर ओल लागलेला मका खाऊन ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ मेली. बांसवाडा आणि केनिया यांच्यात तीस वर्षांचे आणि एका समुद्राचे अंतर आहे, पण दोन्हीकडची माणसे एकाच वर्गातली होती. घरच्या तुकड्यावर पिकवणारी, त्यावरच जगणारी, आणि ते बिघडले तर दुसरे विकत न घेऊ शकणारी.

८

आता आपल्या तालुक्याकडे, जिल्ह्याकडे वळू. गेल्या दोन-तीन दशकांत खानदेशात मका डोंगरातून सपाटीवर आला. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तो आता मोठे पीक आहे. बहुतेक मका कोंबडीखाद्याला, स्टार्चच्या कारखान्यांना आणि अलीकडे इथेनॉलला जातो. व्यापारी ओलावा पाहतो, रंग पाहतो आणि नापसंत माल परत करतो. परत आलेला माल जातो कुठे, हा प्रश्न बाजार समितीच्या आवाराबाहेर विचारला जात नाही.

पाऊसही बदलला आहे. भारतीय हवामान खात्याने २०२० मध्ये मान्सूनच्या परतीचे वेळापत्रक सुधारले. वायव्य भारतातून परती सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. नेमके याच दिवसांत खानदेशची बाजरी काढणीला येते आणि मका पिवळा पडतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सततच्या पावसाने कणसांना शेतातच कोंब फुटलेले आपण सर्वांनी पाहिले. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि चाळीसगावात घराघरांत पाणी शिरले. पूर ओसरल्यावर भिंतीच्या पडझडीची मोजणी होते. भिजलेल्या गोणीचे काय करायचे, हा निर्णय घरातल्या बाईवर सोडलेला असतो. ऊन पडले की ती गोणी पटकुरावर पसरते, वाळवते आणि दळते.

सरकारची यंत्रणा या वेळी काय पाहते? पंचनामा होतो तो पिकाचा. ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर हेक्टरी मदत मिळते आणि ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे. लहान शेतकरी तर या पावसात पुरता बुडतो, त्याला मदत मिळालीच पाहिजे. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि तेच भिजलेले धान्य ज्याच्या वाट्याला स्वस्तात किंवा मजुरीत आले, त्याच्यासाठी पंचनाम्याच्या कागदावर ओळ नाही.

सरकारी खरेदीचीही हीच गत आहे. धान्याला ओलाव्याची आणि दाण्याच्या प्रतीची मर्यादा असते. पावसाने पीक बिघडले की शेतकऱ्याची अडचण पाहून केंद्र सरकार हे निकष शिथिल करते. २०२३ च्या वसंतातल्या अवकाळी पावसानंतर उत्तरेकडच्या गव्हासाठी तसे झाले. या सवलतीने शेतकरी वाचतो, हे योग्यच. पण शिथिल निकषाने घेतलेले धान्य ज्या साखळीत जाते तिच्या दुसऱ्या टोकाला रेशनकार्ड आहे. आणि हे निकष डोळ्यांनी पाहण्याचे आहेत. चकाकी गेली, दाणा सुरकुतला, रंग बदलला, इतके त्यांत दिसते. विष डोळ्यांना दिसत नाही. एकाचे दुःख हलके करताना ते नकळत दुसऱ्याच्या ताटात सरकू नये, याची तजवीज शिथिल करणाऱ्याच आदेशात हवी. जितकी सवलत, तितकी विषाची तपासणी.

९

मग आपण काय करायचे? लेख लिहून झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणारे आपण नाही.

कार्यकर्त्यांनी मागणी नेमकी करावी. अवकाळी पावसानंतरच्या पंचनाम्यात भूमिहीनाच्या घरातल्या धान्याची नोंद व्हावी आणि भिजलेल्या धान्याच्या बदल्यात रेशनवर कोरडे धान्य मिळावे. त्या हंगामात रेशनच्या गोदामातल्या धान्याचे नमुने अफ्लाटॉक्सिनसाठी तपासून त्याचा निकाल दुकानाच्या फळ्यावर लावावा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला आहे. खाण्याजोग्या धान्याचा हक्क हा त्याच हक्काचा अर्थ आहे, ही काही वेगळी भीक नव्हे. पाड्यावर, वस्तीवर धान्य वाळवण्यासाठी एक सिमेंटचा ओटा आणि झाकायला एक ताडपत्री, एवढी मागणी तर ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली आहे.

शिक्षकांनी हा विषय विज्ञानाच्या तासापुरता ठेवू नये. मिठाच्या पाण्याचा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत दाखवता येतो, तो दाखवावाच. पण त्याबरोबर हेही विचारावे, की तुमच्या घरात कोणत्या धान्याला सूप लागते आणि कोणत्याला लागत नाही, आणि का.

विद्यार्थ्यांसाठी एक काम आहे आणि ते तातडीचे आहे. धान्यात मजुरी घेतलेली, हायब्रीडची काळी भाकर खाल्लेली, मातेऱ्यातून दाणे वेचलेली पिढी आता थकली आहे. कोणत्या वर्षी पाऊस कधी लागला, कोणते धान्य मिळाले, ते कसे दिसत होते, घरात कोण आजारी पडले, जनावरांना काय झाले, हे त्यांना आठवते. वहीत तारखा नसतील, पण लग्ने, मरणे, पूर आणि निवडणुका यांच्या खुणांनी साल ठरवता येते. हवामान खात्याकडे त्या सालांच्या पावसाचे आकडे आहेत. आकडे आणि आठवण शेजारी ठेवली तर पंचमहाल-बांसवाड्यासारख्या, पण लहान, कधीच न नोंदलेल्या साथी खानदेशच्या खेड्यांतही हाती लागतील असे मला वाटते. आपल्या माणसांच्या मरणाला ‘पोट फुगून गेला’, ‘काविळीनं गेली’ एवढेच कारण लिहिले गेले. त्याच्या पुढचे लिहायचे बाकी आहे.

येत्या दसऱ्याच्या सुट्टीत हे काम सुरू करता येईल. बाजरी तेव्हाच घरात आलेली असते.